सीताफळबंदी आणि माझी तैवानची घरमालकीण

तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकिणीने दार उघडलं आणि काही बोलायच्या आधी माझ्या हातात एक सीताफळ ठेवलं. फोमच्या पांढऱ्या जाळीत बसवलेलं, बाळाला टोपडं घातल्यासारखं. मी बीड जिल्ह्यातली. अंबाजोगाईपासून तासाभराच्या वाटेवर, बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव. दोन विमानं बदलून, समुद्र ओलांडून एवढ्या लांब आले आणि हातात आमच्याच डोंगरातलं फळ! मला इतकं हसू आलं की त्या बाईला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. खोलीत पंखा आहे का, पाणी किती वेळ येतं, काहीएक न बघता मी "घेते" म्हणून मोकळी झाले.

मी तिकडे गेले होते फळांवरच्या किडींचा अभ्यास करायला. पदवी अंबाजोगाईला, पुढचं शिक्षण परभणीला, मग ही शिष्यवृत्ती. माझ्या वाट्याला आलेली कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसासारखा पांढरा, फळाच्या देठापाशी आणि डोळ्यांच्या फटीत बसून रस शोषणारा. गावात कुणी आईला विचारलं, "लेक काय शिकायलीय परदेशात?" की आई सांगायची, "ढेकणाचं." पुढे विचारायची कुणाची हिंमत व्हायची नाही.

घरमालकीण साठीची, विधवा, बुटकी, आणि मनगटात भलतंच बळ. घरामागेच तिची सीताफळाची बाग होती. तिकडे मावशीच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. माझ्या जिभेला ते आयतंच सापडलं, पण गावाकडे गोंधळ उडाला. आईशी फोनवर बोलताना मी मध्येच वळून "आयी, आले गं!" अशी हाक मारली की तिकडून लगेच आवाज चढायचा.

"कुनाला आई म्हनलीस?"

"अगं, घरमालकिणीला. त्यांच्यात मावशीला तसं म्हणतात."

"तिलाबी आई? मग मपलं काय?"

ही समजूत घालण्यात दोन महिने गेले. शेवटी आईनेच तोड काढली. "ऱ्हाऊ दे. परमुलखात एक स्टेपनी असावी."

परमुलखातले माझे पहिले महिने असेच फजितीत आणि हसण्यात गेले. तिथे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. मला वाटलं आइस्क्रीमवाला. सुट्टे पैसे मुठीत धरून जिना उतरले, तर खाली अख्खी गल्ली पिशव्या घेऊन उभी, आणि आयीने माझ्या हातात आमच्या मजल्याचा कचरा दिला. भाकरीसाठी ज्वारी शोधत मी चार दुकानं हिंडले. कागदावर लिहून नेलेला शब्द दाखवला की प्रत्येक दुकानदार आनंदाने बाटली पुढे करायचा, कारण ज्वारीची तिकडे दारू करतात. पाचव्या दुकानातून मी ती बाटली घेऊनच घरी आले. आयीने माझ्याकडे आदराने बघितलं.

आणि सीताफळ. आयी ब्रशने एकेका फुलाला परागकण लावायची. फळ सुपारीएवढं झालं की त्याला पिशवी घालायची. झाडांना खत, पाणी, छाटणी, सगळं वेळच्या वेळी. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने मला ते दोनदा परत सांगायला लावलं.

"सीताफळाला पानी घालत्यात?" आईने अखेर विचारलं. "कावून?"

आमच्याकडे सीताफळ डोंगरावर येतं. लावत कुणी नाही, राखत कुणी नाही. दसरा-दिवाळीच्या दिवसांत बाया पाट्या घेऊन जातात आणि डोळे उघडलेली फळं तोडून आणतात. त्याला पाणी घालायचं म्हणजे आईच्या मते निवडुंगाला पाणी घातल्यासारखं.

आयीचा बहुतेक माल समुद्रापलीकडच्या चीनमध्ये जायचा. तिचाच नव्हे, त्या भागातल्या जवळजवळ सगळ्यांचा. पेट्या भरायच्या, गाड्या बंदरावर जायच्या, पुढचं कुणी बघायचं नाही. मग एका सकाळी, गावाकडे गणपती बसले होते त्या दिवसांत, आयी फोन हातात धरून माझ्या दारात आली. चीनने तैवानची सीताफळं घेणं बंद केलं होतं. कारण दिलं होतं, फळांवर पिठ्या ढेकूण सापडला.

"तुझा किडा," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं मी ज्याचे फोटो काढत होते, ज्याची अंडी मोजत होते, त्यानेच माझ्या घरमालकिणीचा बाजार उठवला होता.

"खरं आहे का?" तिने विचारलं. "तू सांग. तू शिकलेली आहेस."

मी खरं ते सांगितलं. ढेकूण होता. पण तो गेल्या वर्षीही होता, त्याच्या आधीच्या वर्षीही होता. मोठ्या देशांची आपसात काय चढाओढ चालली आहे, त्यातलं मला कळत नाही. माझ्या सूक्ष्मदर्शकात तेवढं दिसत नाही.

मी आईला ही बातमी दिली, तर ती म्हणाली, "दोन हाल्याच्या टकरीत बोराटीचं वाटुळं." आमच्याकडे रेड्याला हाल्या म्हणतात आणि बोरीच्या झुडपाला बोराटी. मी ते आयीला जमेल तसं त्यांच्या भाषेत सांगितलं. तिला इतकं आवडलं की दिवसभर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना रेड्यांची गोष्ट सांगत फिरली.

मग सुरू झाला सीताफळांचा महापूर. सकाळी सीताफळ, दुपारी सीताफळाचं आइस्क्रीम, संध्याकाळी कोंबडीच्या रश्शात सीताफळ. हा शेवटचा प्रकार कुणी करू नये. शाळांनी घेतली, कचेऱ्यांनी घेतली, लांबच्या शहरांतल्या अनोळखी लोकांनी पेट्याच्या पेट्या मागवल्या. तरी उरत होती. आयी रडली नाही. ती फक्त सगळ्यांना खाऊ घालत सुटली. आमचे प्राध्यापक दारातून तिला येताना बघून मागच्या दाराने पळायचे.

त्याच सुमारास एकदा तिने विचारलं, "तुमच्या डोंगरावर खरंच आपोआप येतं?"

"खरंच."

"पाणी नाही? छाटणी नाही? पिशवी नाही?"

"काही नाही."

"मला ते बघायचंय," ती म्हणाली. "आयुष्यभर मी या झाडाची नोकरी केली. हे झाड नोकराशिवाय कसं राहतं, ते बघायचंय."

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, ती खरोखरच माझ्याबरोबर निघाली. तोवर बंदी उठलेली नव्हती.

गावाकडे ही बातमी आईने चुलीपाशी सांगितली आणि ती थोरल्या काकांपर्यंत पोचली. काका माजी सरपंच. माजी हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नसतो. त्यांचा मला फोन आला.

"तैवानहून किती मानसं येयलीत?"

"एक."

"एक? बरं. शिष्टमंडळ ल्हान हाय मग."

मी हसले आणि विसरून गेले. चूक तिथेच झाली. आमची जीप गावाच्या फाट्यावर आली, तर समोर रस्ताभर रुंद बॅनर. 'तैवान देशाच्या व्यापारी शिष्टमंडळाचे सहर्ष स्वागत.' एका बाजूला हात जोडलेले काका, खिडकीएवढे. दुसऱ्या बाजूला आयी. तिचा फोटो कुणीतरी माझ्या व्हॉट्सअॅपवरून घेतला होता. बागेत काम करतानाचा: गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर भली मोठी टोपी, तोंडाला फडकं. दिसत होते फक्त दोन डोळे.

"हे कोण?" आयीने विचारलं.

"तूच."

तिने जीप थांबवली, उतरली, बॅनरखाली उभी राहिली, पिशवीतलं फडकं काढून तोंडाला बांधलं आणि मला म्हणाली, "काढ फोटो."

तोपर्यंत जमलेल्या मंडळींपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बे, ही तर मपल्या मावशीवानी दिसायली की." आणि तिथून पुढे चार दिवस ती गावाची मावशी झाली.

आमच्या घरी आईने तिला भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. ठेच्याबद्दल मी सावध करायच्या आत तिने बोटभर उचलला. तिचे डोळे भरून आले, नाक लाल झालं, आणि तिने परत बोट बुडवलं. आईने माझ्याकडे बघितलं. "ही चांगली हाय," ती म्हणाली. परीक्षा तिथेच संपली.

दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पहिल्या दिवशी मी मध्ये बसून दुभाष्याचं काम केलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आले, तर दोघी ओट्यावर लसूण सोलत तावातावाने बोलत होत्या. आई मराठीत, आयी तिच्या भाषेत. मी ऐकत उभी राहिले. आई सांगत होती की नवरा गेल्यावर दिरांशी कसं वागावं लागतं. आयी सांगत होती की तिच्या सुनेला स्वयंपाक येत नाही. दोघी एकमेकींना पटल्यासारख्या माना डोलवत होत्या. मी मध्ये पडले नाही.

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळेला आम्ही बायांबरोबर डोंगरावर गेलो. आयी पुढे. सगळ्या उतारावर झाडंच झाडं, दगडांतून उगवलेली, वेडीवाकडी, कुणी कधी कात्री न लावलेली. ती एका झाडापाशी थांबली, दुसऱ्यापाशी थांबली. तिला वाटलं होतं, मी वाढवून सांगत असेन.

"हे कुणाचं?" तिने विचारलं.

"कुणाचंच नाही."

"आणि ते?"

"तेही नाही."

ती मोठ्याने हसायला लागली. मग बायाही हसायला लागल्या, कारण नसताना, आणि डोंगरभर हसण्याचा आवाज घुमला. आयीने एक फळ तोडलं, सवयीने उलटं करून देठापाशी बघितलं आणि किंचाळली. मला वाटलं विंचू. धावत गेले, तर देठाभोवती कापसासारखी पांढरी भुकटी. पिठ्या ढेकूण.

"हा इथेही आहे!" ती इतक्या आनंदाने म्हणाली, जसा परगावच्या बाजारात आपल्या गावचा माणूस भेटावा. तिने ते फळ फिरवून फिरवून सगळ्या बायांना दाखवलं. त्यांना कळेना. त्या किडीला आमच्याकडे कुणी किंमत देत नाही. एक म्हणाली, "फुकून टाक म्हनावं अन् खा."

त्या संध्याकाळी सत्कार होता. मला वाटलं होतं शाल, नारळ आणि काकांचं भाषण. पण काकांच्या डोक्यात आणखी एक बेत होता, आणि तो कळण्यासाठी आमच्या दोन गावांचं भांडण सांगायला हवं.

आमचं गाव घाटाच्या वर. घाटाच्या पायथ्याला दुसरं गाव. आम्ही त्याला नुसतं 'खालचं' म्हणतो. दोन्हीकडच्या बाया सीताफळं विकतात. पण आमच्या टेम्पोत खालच्यांची पाटी चढत नाही आणि खालच्या फाट्यावरच्या झाडाच्या सावलीत आमच्या बायांना बसू देत नाहीत. हे कुणी सुरू केलं, यावर दोन्ही गावांत दोन वेगळ्या कथा आहेत आणि दोन्हींत समोरचाच दोषी आहे. काकांनी ठरवलं होतं की तैवानच्या मॅडमच्या तोंडून, माईकवर, वरच्या गावाचं सीताफळ श्रेष्ठ असं एकदाचं वदवून घ्यायचं. त्यासाठी खालच्या गावालाही मानाने आमंत्रण दिलं होतं. दिंद्रुडहून हलगीवाले बोलावले होते. त्यांना सांगून ठेवलं होतं, "निकाल लागला की लगीच वाजवायचं. थांबायचं न्हाई."

मी हे आयीला सांगितलं. ती विचारात पडली.

"म्हणजे इथेही बंदी आहे?"

"आहे. पण ढेकणाचं कारण दिलेलं नाही."

मारुतीच्या सभामंडपात दोन पराती मांडल्या होत्या. एकीला हळदीचं बोट, दुसरीला कुंकवाचं. हळदीची आमची, हे आमच्या पोराटोरांनाही माहीत होतं, पाहुणीला सोडून. आयीच्या डोक्यावर फेटा बांधला होता आणि तो तिला इतका शोभत होता की ती तो सारखा फोनमध्ये बघत होती. तिने हळदीच्या परातीतलं फळ खाल्लं. बिया हातात काढल्या. पाणी प्यायली. कुंकवाच्या परातीतलं खाल्लं. मग परत हळदीचं. परत कुंकवाचं. तिला घाई नव्हती. चाळीस वर्षं तिने हेच केलं होतं. सगळा मांडव तिच्या तोंडाकडे बघत होता.

मग ती बोलायला लागली आणि बोलतच राहिली. हळदीचं फळ मोठं, देखणं, पण गर थोडा रवाळ आणि बिया फार. कुंकवाचं आकाराने लहान, पण गर साखरेसारखा, वास शेवटपर्यंत टिकणारा, साल पातळ. असं फळ तिने तिच्या बागेतही क्वचित पिकवलं होतं. कुंकवाचं उत्तम. प्रश्नच नाही.

काकांनी माईक माझ्यापुढे धरला. "काय म्हनल्या मॅडम?"

मी नजर परातींवरच ठेवली. "म्हणतात, दोन्ही छान."

मग खालच्या गावाच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली. आयीच्याच वयाची, काटक, कपाळावर भस्माचे पट्टे. तिचं फळ कुंकवाच्या परातीत होतं, हे मला नंतर कळलं.

"लेकी," ती म्हणाली, "बाई येवढं मोठं बोलली. अन् तू दोनच शब्द? बाकीचं कुठं गेलं?"

मांडव हसला. आयीने माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं. भाषा येत नसली तरी व्यापार तिला कळत होता. तिने कुंकवाची परात दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावरचा फेटा सावरला, मांडवातून चालत गेली आणि परात म्हातारीच्या पुढ्यात ठेवली.

आणि हलगी वाजली. हलगीवाल्यांना कोण जिंकलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. निकाल लागला होता, थांबायचं नव्हतं. काका "बंद करा, बंद करा" म्हणून हात हलवत होते आणि वाजवणाऱ्यांना वाटलं, साहेब जोर लावायला सांगतायत. खालच्या गावच्या बाया उठून नाचायला लागल्या. त्यांच्यात मला हिरव्या लुगड्यातली एक बाई दिसली, पदर खोचून, सगळ्यांच्या पुढे. ती माझी काकू होती. काकांची बायको. तिचं माहेर खालचं.

"तू कावून नाचायलीस?" काका माईकवरच ओरडले.

"तीस वर्सं इथं भांडी घासली," काकू नाचता नाचता म्हणाली, "मपलं माहेर आज जिंकलंय! नाचू न्हाई तर काय करू?"

यावर आमच्या गावच्या बायाही उठल्या, कारण निम्म्यांचं माहेर खालचंच होतं. इतकी वर्षं ही गोष्ट कुणाच्या हिशेबात नव्हती. आयी त्या गर्दीच्या मधोमध, फेट्याचा शेमला उडवत, दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. मी हसून हसून खांबाला टेकले. माझ्या पोटात दुखायला लागलं. काका थोडा वेळ माईक धरून उभे राहिले, मग त्यांनी तो खाली ठेवला आणि शेवटी त्यांचाही एक पाय ठेका धरायला लागला. त्यांनी तो दुसऱ्या पायाने दाबला, पण ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने आयीला तिचं झाड बघायला बोलावलं. काकांनी जाहीर केलं की आपण येणार नाही. आई गेली, काकू गेली, मी गेले, आणि मागून आमच्या गावच्या वीसेक बाया. जीप दोनदा भरून खाली गेली. झाड म्हातारीच्या परसात होतं, सांडपाण्याच्या कडेला, शेणाच्या ढिगाशेजारी.

"बघ!" आयी मला म्हणाली. "पाणी आहे. खत आहे. नोकर आहे!" तिने म्हातारीकडे बोट दाखवलं. तिला फार बरं वाटलं असावं. आपली चाळीस वर्षं फुकट गेली नाहीत, असं.

पिशवीतून तिने आपली छोटी कात्री काढली. पानं गळून गेली की कुठल्या फांद्या काढायच्या, कुठल्या ठेवायच्या, ते तिने फांदीला दोरे बांधून दाखवलं. मी मराठीत सांगत होते, पण बाया माझं ऐकत नव्हत्या. त्या तिचे हात बघत होत्या. परत येताना आमच्या बाया फाट्यावरच्या त्या झाडाखाली जीपची वाट बघत बसल्या आणि कुणी त्यांना उठवलं नाही.

निघायच्या सकाळी मी आयीची बॅग तपासली. तसं करायला मला लाज वाटत होती, पण मी किडींची अभ्यासक. एका देशातलं फळ दुसऱ्या देशात नेलं तर काय होतं, हे मीच लोकांना शिकवते. मोज्यांच्या घडीत दोन सीताफळं निघाली. कुंकवाच्या झाडाची. चष्म्याच्या डबीत कागदात बांधलेल्या बिया.

"आयी, हे चालणार नाही."

"दोनच आहेत."

"दोनांवर दोनशे ढेकूण असतील."

तिने हात कमरेवर ठेवले. "तर आता तू माझ्यावर बंदी घालतेस?"

मी खरोखरच, तिच्या घरचा तीन वर्षांचा भात खाऊन, तिचं सीताफळ जप्त करत होते, आणि तेही त्याच किडीच्या नावाने. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग एकदम हसत सुटलो. ती जमिनीवर बसली. आई स्वयंपाकघरातून पळत आली.

"काय झालं? कुनी मेलं का?"

मला सांगता येईना. मी फळं दाखवली, बॅग दाखवली, नाही अशी मान हलवली. आईला सगळं कळलं. तिने एक सीताफळ फोडून अर्धं आयीच्या हातात दिलं, अर्धं स्वतः घेतलं, आणि दोघींनी उंबऱ्यातच उभ्यानं दोन्ही फळं संपवली. बिया मी गोळा केल्या आणि बंबात टाकल्या.

जीप निघाली ती हैदराबादच्या विमानतळाकडे. घाटाच्या वळणावर खालच्या गावाने अडवलं. ऐकायला कुणी तयार नव्हतं की फळ विमानात नेता येत नाही. पाच पाट्या आत आल्या. ते बघून खालच्या फाट्यापर्यंत सोबत आलेल्या आमच्या गावच्यांना मागे राहवेना. त्यांनी विकायला आणलेल्यांतल्या सात दिल्या. आयीच्या मांडीवर पाटी, माझ्या पायाशी पाटी, ड्रायव्हरच्या शेजारी दोन पाट्यांना पट्टा बांधलेला.

"आता?" मी विचारलं.

आयीने खिडकीची काच खाली केली.

लातूरच्या अलीकडे पहिलं सीताफळ एका मेंढपाळाला मिळालं. लातुरात सिग्नलला थांबलेल्या मोटारसायकलवाल्यांना. उदगीरच्या पेट्रोल पंपावर पेट्रोल भरणाऱ्या पोरीला तीन. आयीला मराठीचा एकच शब्द येत होता आणि तो ती प्रत्येक ठिकाणी सगळ्या ताकदीने ओरडत होती, "सीताफळ!" पुढे बिदरपासून भाषा बदलली, पण तिला त्याचं काही नव्हतं. टोलनाक्यावरच्या माणसाने आधी हात मागे घेतला. त्याला वाटलं, या बाईला काहीतरी विकायचं आहे. पैसे नकोत, हे कळल्यावर तो हिंदीत म्हणाला, "मग कशासाठी?" मी आयीला विचारलं.

"सांग त्याला," ती म्हणाली, "पिकलंय. आज खायला हवं."

पुढच्या वर्षी चीनने काही नोंदवलेल्या बागांची फळं घ्यायला परत सुरुवात केली. आयीने बराच विचार करून अर्ज केला नाही. निम्मी झाडं तिने ठेवली, निम्म्यांच्या जागी पेरू लावले, आणि माल जवळच्या बाजारात विकते. खालच्या म्हातारीने दोरे बांधलेल्या फांद्या बरोब्बर छाटल्या आणि फळं मोठी आली. आईने आमच्या परसातल्या झाडावर कात्री चालवली तेव्हा काका म्हणाले, "मारलं झाड." झाड मेलं नाही, पण त्या वर्षी एकही फळ आलं नाही, आणि काकांनी ते गावभर सांगितलं. टेम्पोत आता दोन्ही गावांच्या पाट्या चढतात. भांडण मिटलेलं नाही. ते आता कुणाची पाटी आधी चढवायची, यावर चालतं.